हवेतून प्राणवायू निवडणारा दगड

आमच्या वर्गात एका ताईंनी विचारलं, "मामंजींना दवाखान्यातून घरी आणलं. सोबत प्राणवायूचं यंत्र आहे. पण त्यात प्राणवायू भरायचा कधी, आणि कुठून?"

भरायचा नसतोच. तो आपल्या भोवतालच्या हवेतच आहे. हवेचे १०० भाग केले, तर सुमारे ७८ भाग नत्रवायू आणि २१ भाग प्राणवायू. आपण धान्यातून खडे निवडतो ना? तसं हे यंत्र हवेतून नत्रवायू काढून टाकतं.

हे काम झिओलाइट नावाचा दगड करतो. आपल्याकडे विहीर खणताना काळ्या खडकाच्या पोकळीत पांढरे, चमकदार खडे सापडतात. त्यांतले पुष्कळ याच जातीचे. यंत्रात मात्र कारखान्यात बनवलेले झिओलाइटचे मणी असतात.

मण्याला अंगभर भोकं असतात. इतकी बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत. यंत्र हवा दाबून मण्यांत घुसवतं. हवा भोकाभोकांतून आत पसरते. नत्रवायू भोकांच्या भिंतींना जास्त चिकटतो. प्राणवायू कमी चिकटतो, म्हणून पुढे निघतो. तोच नळीवाटे रोग्याच्या नाकाशी येतो.

मग मणी भरून जात नाहीत का? जातात. पण दाब काढला, की चिकटलेला नत्रवायू सुटून बाहेर पडतो. मणी पुन्हा तयार! यंत्रात मण्यांची दोन नळकांडी असतात. एक काम करतं, तेव्हा दुसरं मोकळं होतं. मधूनमधून 'फुस्स' आवाज येतो, तो याचाच. त्याला घाबरू नये.

२०२१ साली करोनाच्या साथीत प्राणवायूची फार टंचाई पडली. तेव्हा मुंबईच्या आय.आय.टी.ने नत्रवायू बनवणाऱ्या यंत्रात मणी बदलून झिओलाइट घातलं, आणि त्यातून प्राणवायू काढून दाखवला.

घरी यंत्र असेल, तर एवढं सांभाळा:

१. यंत्राजवळ चूल, दिवा, बिडी नको. प्राणवायू स्वतः जळत नाही. पण आग भडकवतो.

२. ओल लागली, की मणी निकामी होतात. हवा ओढणारी जाळी धुतली, तर पूर्ण वाळवूनच बसवा.

३. डॉक्टरांनी ठरवलेला आकडा आपल्या मनानं वाढवू नका.

४. वीज गेली, की यंत्र थांबतं. तेव्हा काय करायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

सांगा पाहू: दाब काढल्यावर मण्यांतून कोणता वायू सुटतो?