पुण्याच्या नदीवरील नौकाक्रीडा

पुण्याला समुद्र नाही. तरीही वल्हविण्याचा खेळ येथे रुजला. याचे कारण शोधू लागल्यावर मला प्रथम बंडगार्डनचा बंधारा आठवला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो बांधला गेला. हेतू पाणीपुरवठ्याचा होता. परंतु पाणी अडले आणि वरच्या अंगाला नाव चालविण्याजोगे संथ पात्र तयार झाले. इंग्रज अधिकाऱ्यांना हा खेळ ठाऊक होताच. पुढे तो विद्यार्थ्यांकडे आला.

१८५४ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालचा. मुळा-मुठेच्या संगमाजवळ असलेल्या या क्लबचा कारभार विद्यार्थीच पाहतात. त्यांचा ‘रेगाटा’ हा वार्षिक जलोत्सव प्रसिद्ध आहे. नावांची बाणाकृती रचना आणि पाण्यावरील मशालींचा खेळ पाहण्यास काठावर गर्दी लोटते.

वल्हविणे हे दंडाच्या ताकदीचे काम, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. शर्यतीच्या नावेतील बैठक चाकांवर सरकते. गुडघे दुमडून पुढे सरकायचे, वल्ह्याचे पाते पाण्यात घालायचे आणि पायांनी रेटा द्यायचा. मग पाठ, शेवटी हात. खरा जोर पायांचाच. दोन हातांत दोन वल्ही असली की ‘स्कलिंग’, दोन्ही हातांनी एकच ओढले की ‘स्वीप’. वल्हविणारा पाठमोरा बसतो, म्हणून आठ जणांच्या नावेत दिशा दाखविण्यास नववा गडी, ‘कॉक्स’ लागतो. आठांपैकी एकाची लय चुकली तरी नाव अडखळते.

हा खेळ धनिकांचाच, असे कोणी म्हणेल. त्यास श्री. दत्तू भोकनळ हे उत्तर आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावचा हा तरुण विहिरी खणण्याचे काम करीत होता. २०१२ मध्ये तो सैन्यात गेला आणि तेथे वल्हे हाती आले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला. २००० मीटर अंतर त्याने ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत तोडले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेने सुवर्णपदक मिळविले, त्यातही तो होता. माझ्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाला यातून एवढेच कळते की, गुण गावोगावी असतात. नाव आणि पाणी मात्र कोणीतरी पुरवावे लागते. सैन्याने त्याला ते पुरविले. शहरातील संस्थांनीही आपले धक्के इतर महाविद्यालयांच्या मुलांना खुले करावेत, असे मला वाटते.

पण मूळ प्रश्न पाण्याचाच आहे. आज नदीत शहराचे सांडपाणी येते. त्यावर जलपर्णी पोसते आणि पाते तिच्यात अडकते. मैदान खराब झाले तर दुसरे शोधता येते. नदीचे तसे नाही. ती राखणे हे केवळ खेळाडूंचे काम नसून तिच्या काठी राहणाऱ्या आपणा सर्वांचे आहे.