परक्या भाषेतील ओळखीच्या खुणा

तिवसा येथील विद्यार्थी घरी वऱ्हाडी बोलतो, शाळेत प्रमाण मराठी लिहितो आणि प्रसंगी हिंदीतही संभाषण करतो. पण ‘कोरियन शीक’ असे कोणी म्हटले, तर तो बिचकतो. इतक्या दूरच्या देशाची भाषा आपणास कशी येणार, असे त्यास वाटते. जवळ जाऊन पाहावे, तो या परक्या भाषेतही ओळखीच्या खुणा आढळू लागतात.

प्रथम तिची लिपी पाहा. पूर्वी कोरियात चिनी लिपीत लिहीत असत. तिची असंख्य चिन्हे शिकण्यास कष्टकरी प्रजेस सवड कोठून मिळणार? मनातील गोष्ट लिहून सांगणे सामान्य माणसास साधत नसे. राजा सेजोंग याला ही उणीव फार जाणवली. त्याने १४४३ साली नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली ती प्रजेस दिली. काही दरबारी विद्वानांनी तिला विरोध केला. पण राजा डगमगला नाही. याच लिपीस आज ‘हांगुल’ म्हणतात. तिची मूळ अक्षरे २८ होती. आज २४ वापरात आहेत.

आपल्या वर्णमालेत कंठ, तालू, दंत, ओष्ठ या उच्चारस्थानांप्रमाणे वर्ण मांडले आहेत. सेजोंगने ती स्थाने अक्षरांच्या आकारातच उतरविली. ‘न’ म्हणताना जीभ जशी वळते, तसा त्या अक्षराचा आकार आहे. ‘म’ चे अक्षर तोंडाच्या आकृतीवरून घेतलेले आहे.

आता वाक्य पाहा. ‘मी शाळेत जातो’ हे कोरियन भाषेत ‘नानुन हाक्क्योए गान्दा’ असे होते. नानुन म्हणजे मी, हाक्क्यो म्हणजे शाळा आणि गान्दा म्हणजे जातो. मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते, आणि ‘शाळेत’ मधील ‘त’ प्रमाणे ‘ए’ हा प्रत्यय शब्दाच्या मागून लागतो. मुलगा ‘जातो’ म्हणो वा मुलगी ‘जाते’ म्हणो, कोरियन क्रियापद बदलत नाही. वडिलांविषयी बोलताना मात्र ‘गान्दा’ न म्हणता आदराने ‘गाशिन्दा’ म्हणतात. आपणही ‘वडील जातात’ असेच म्हणतो.

अर्थात, श्रम चुकत नाहीत. तेथे क आणि ग यांसाठी अक्षर एकच. शब्दातील त्याच्या जागेवरून उच्चार ठरतो. तो कानांनी ऐकून व जिभेने घोटूनच साधावा लागतो.

सेजोंगच्या तळमळीची साक्ष अमरावती जिल्ह्यातही मिळते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी रिद्धपूर येथे ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात संकलित केल्या, त्या पंडितांच्या संस्कृतात नव्हे, तर लोकांच्या मराठीत. ज्ञान सर्वांच्या हाती यावे, हीच दोन्हींमागील भावना होय.

आपल्या भाषेची घडण जो नीट जाणतो, त्याला दुसऱ्या भाषेची घडण लवकर उमगते. तिवसा येथील विद्यार्थ्याजवळ ती किल्ली आहेच. ती फिरविण्याचे धैर्य मात्र त्याने दाखविले पाहिजे.

स्वाध्याय
१. सेजोंगला नवी लिपी का करावीशी वाटली?
२. मराठी व कोरियन वाक्यरचनेतील दोन साम्ये सांगा.
३. ‘न’ व ‘म’ यांचे उच्चार करून जीभ व ओठ यांची स्थिती लिहा.