पडलात? मग सांगा!

वृद्धनिवासात तपासणीला गेलो की कुणाच्या तरी कोपरावर काळानिळा डाग दिसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘काही नाही डॉक्टर, दाराला लागलं.’ खरं सांगितलं तर मुलं फिरणं बंद करतील, ही धास्ती मला कळते. पण एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता दुपटीने वाढते, म्हणून कारण शोधायलाच हवं.

बरेचसे रुग्ण रात्री लघवीला उठताना पडलेले असतात. झटकन उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर हे अधिकच. अशा वेळी आधी पलंगाच्या कडेला बसा, पावलं दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, मग आधार धरून उभे राहा. गरगरत नसेल तरच पाऊल टाका. झोपून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

न्हाणीघरात टॉवेलच्या दांडीला धरू नका, ती भिंतीतून उपटून हातात येते. पक्का बार बसवून घ्या. आतून कडी लावू नका.

‘रोज बागेत दोन फेऱ्या मारतो’ हे छानच, पण त्याने तोल सुधारत नाही. त्यासाठी जड खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं हे व्यायाम हवेत. सुरुवातीला शेजारी कुणीतरी असू द्या.

पडल्यावर उठायचं कसं, हेही फिजिओथेरपिस्टकडून गादीवर शिकून घ्या. आधी कुशीवर वळायचं, मग हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपाशी जायचं, तिच्या बैठकीवर दोन्ही हात टेकवून बळकट पाय पुढे घ्यायचा आणि उठायचं. खुब्यात कळ असेल किंवा पाय हलत नसेल तर जागचे हलू नका, हाक मारा. मदतनीसांनीही काखेत हात घालून ओढू नये.

आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.