सारंगात गंधार कुठला?

आमच्या गावच्या भजनात मी पेटी वाजवतो. अंबाजोगाईला शिकायला आल्यावर एका मित्राने मला तीन पट्ट्या एकदम दाबून ‘कॉर्ड’ कसा धरायचा ते दाखविले. पुढच्याच एकादशीला बुवांनी वृंदावनी सारंगात अभंग धरला आणि मी ऐटीत षड्ज, गंधार, पंचम एकदम दाबले. बुवा थांबले. “आरं, सारंगात गंधार कुठून आणलास?” मंडळी हसली, मी ओशाळलो.

पाश्चात्त्य आणि भारतीय अभिजात संगीताच्या मीलनातील खरी अडचण या प्रश्नात आहे. आपला राग एकामागून एक येणाऱ्या स्वरांनी उलगडतो, आणि कोणता स्वर टाळायचा यावरही त्याचे रूप ठरते. वृंदावनी सारंगात गंधार व धैवत वर्ज्य. उलट पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी उभे राहतात. त्यांचा नेहमीचा षड्जावरचा कॉर्ड गंधाराशिवाय पुरा होत नाही. म्हणजे पहिल्याच कॉर्डला राग मोडला!

ही अडचण माहीत असूनही ॲंथनी गोन्साल्विस यांनी हे काम अंगावर घेतले. गोव्यातील माजोर्डा हे त्यांचे गाव, वडील चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ते व्हायोलिनवादक व संगीत-संयोजक होते; संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ साली त्यांनी मुंबईत ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले. सारंग रागावर त्यांनी कॉन्चेर्टोही रचला. पुढे १९८१ साली पं. रविशंकरांची ‘रागमाला’ न्यूयॉर्कला झाली, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन मुंबईत जन्मलेल्या झुबीन मेहतांनी केले. गोन्साल्विस २०१२ साली गेले. आज अनेकांना त्यांचे नाव एका चित्रपटगीतापुरतेच ठाऊक आहे, याची खंत वाटते.

त्या एकादशीनंतर मी पेटीवर शोधत बसलो. आरोहात पंचम, शुद्ध निषाद, रिषभ. अवरोहात कोमल निषाद, रिषभ, मध्यम. दोन्ही कॉर्ड सारंगाच्याच स्वरांचे! भीत भीत बुवांना ऐकविले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “हां, हे चालंल. पण गाणाऱ्याच्या मागं ऱ्हा.”

विद्यार्थी मित्रहो, वाद्यवृंद उभारण्याची ऐपत आपल्यापाशी नाही. पण पेटी तर घरोघर आहे, आणि तीही युरोपातूनच आलेली!