एकविसाव्या जोडीतला तिसरा

मागच्या सेमिस्टरमध्ये एका रविवारी माझ्या रूममेटचे आई-बाबा हॉस्टेलवर आले होते. सोबत तिचा सतरा वर्षांचा भाऊ. दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहतोय, पण त्याला डाऊन सिंड्रोम आहे हे मला त्या दिवशी कळलं! मी सगळ्यांना चहा विचारला आणि मग काकूंकडे बघून म्हणाले, "हा चहा घेतो का?" काकू शांतपणे म्हणाल्या, "त्यालाच विचार ना." विचारलं. तो गप्प. मी लगेच पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, लहान मुलांशी बोलतात तसं. थोड्या वेळानं उत्तर आलं, "घेतो. साखर जास्त."

रात्री रूममेट म्हणाली, "व्हायव्हात कोणी अडकलं की तुम्ही सगळ्या तिला 'मंगोल' म्हणता. म्हणून कधी सांगितलं नाही." तो शब्द मीसुद्धा वापरला होता.

मग थोडं वाचलं, थोडं काकूंना फोनवर विचारलं. तेच इथे लिहितेय.

तर मंडळी, शाळेतलं सायन्स आठवा. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या, म्हणजे 46 गुणसूत्रं असतात. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना जोडीतली दोन्ही वेगळी व्हायला हवीत. कधीकधी 21 व्या जोडीतली होत नाहीत आणि बाळाला त्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती मिळतात. एकूण 47. सुमारे 95 टक्के जणांमध्ये हेच घडलेलं असतं. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, पण तरुण आयांनाही अशी मुलं होतात. ग्रहण पाळलं नाही, डोहाळ्यात भलतंच खाल्लं, याचा काडीचाही संबंध नाही. काकूंना हे सगळं ऐकावं लागलं, तेही घरच्याच माणसांकडून.

आमच्या कॉरिडॉरमधल्या त्या शब्दाचीही गोष्ट आहे. 1866 साली जॉन लँग्डन डाऊन या ब्रिटिश डॉक्टरांनी या मुलांचं वर्णन केलं, आणि चेहरेपट्टीवरून त्यांना मंगोल वंशाशी जोडलं. जादा गुणसूत्राचा शोध 1959 साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मंगोलियानं विनंती केली आणि 1965 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो शब्द सोडून दिला. आम्ही मात्र अजून धरून बसलोय!

आता चहाच्या वेळची ती शांतता. या मुलांचे स्नायू सैल असतात, तोंडाची पोकळी लहान असते, कानात पाणी साचून अनेकांना कमी ऐकू येतं. त्यामुळे जेवढं समजतं तेवढं बोलता येत नाही. आपण बोललेलं मनात घोळवून उत्तर जुळवायला वेळ लागतो, आणि मध्येच पुन्हा विचारलं की सगळं पहिल्यापासून. प्रोग्राम चालू असताना आपण घाईनं परत एंटर दाबतो ना, तसंच. तोंडी सांगितलेल्यापेक्षा बघितलेलं त्यांच्या जास्त लक्षात राहतं. म्हणून लांबलचक सांगण्यापेक्षा करून दाखवावं.

जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. थायरॉइड, डोळे, कान वरचेवर तपासावे लागतात. अमेरिकेत 1983 साली या लोकांचं सरासरी आयुष्य 25 वर्षं होतं, आता साठच्या आसपास आहे. हृदयाची ऑपरेशन्स होऊ लागली, संस्थांत कोंडून ठेवणं कमी झालं. गुणसूत्रं तेवढीच राहिली, वागवणारी माणसं बदलली.

पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्या आयुष्यावर 2014 साली 'यलो' हा मराठी सिनेमा आला. त्यात तिनं स्वतःच काम केलंय. जरूर बघा. पण सगळ्यांनी मेडल आणलंच पाहिजे असं नाही हं. आणि "ही मुलं नेहमी आनंदी असतात" हेही खरं नाही. मी तसं म्हटल्यावर काकू हसल्या, "मॅच चालू असताना त्याच्या हातातला रिमोट काढून बघ एकदा!"

गॅदरिंगला तो येणार आहे. गेटवर वॉचमनकाकांनी, मेसमध्ये मावशींनी आणि आपण सगळ्यांनी नाव किंवा जेवणाचं विचारायचं असेल तर त्यालाच विचारा, आणि थोडं थांबा. चहा मी देणार आहे, साखर जास्त.