चौदा तारीख ते वीस तारीख

महिन्याच्या चौदा तारखेला जीएसटीचं टू-बी येतं आणि वीसला थ्री-बी रिटर्न भरायचं असतं. मधल्या सहा दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या ऑफिसचा चहाचा खर्च दुप्पट होतो. मी सीए नाही. बी.कॉम. करून एकवीस वर्षं दुसऱ्यांची खाती लिहिते. वाळूजमधली लहान वर्कशॉप्स, मोंढ्यातले दोन-तीन व्यापारी, एक हार्डवेअरवाला, एक मंगल कार्यालय अशा अडतीस पार्ट्या, आणि काम करणाऱ्या आम्ही तिघी.

टू-बी म्हणजे काय हे खातेवहीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. आपल्याला माल देणाऱ्यांनी पोर्टलवर जी बिलं भरली, त्यांची सरकारने आपल्यासाठी केलेली यादी. तिच्यात बिल नसेल, तर त्यावर आपण दिलेला कर वजा करून मिळत नाही. म्हणून आमचे ते सहा दिवस आपलं रजिस्टर आणि ती यादी ओळीने जुळवण्यात जातात.

दीड वर्षापूर्वी बिडकीनहून येणारी आमच्या ऑफिसातली पोरगी म्हणाली, "मॅडम, चॅटबॉटला विचारून बघा ना." मी नाक मुरडलं. आज माझ्या डायरीच्या हिशेबाने त्या सहा दिवसांतला साधारण दीड दिवस वाचतो. जाहिरातीत सांगतात तेवढा नाही, पण दीड दिवस म्हणजे एक रविवार घरी. त्यासाठी जे फटके खाल्ले ते लिहून ठेवते.

१. उत्तर मागू नका, फॉर्म्युला मागा.

पहिल्या महिन्यात मी खरेदीची यादी आणि टू-बीची यादी, दोन्ही त्याच्यापुढे ओतल्या आणि म्हटलं, जुळत नाहीत ती बिलं काढून दे. दहा सेकंदांत देखणा तक्ता आला, सतरा बिलांचा. तपासायला बसले, तर त्यातली दोन बिलं कुठल्याच यादीत नव्हती. नंबर, तारीख, रक्कम, सगळं खऱ्यासारखं, फक्त बिल नाही. बेरजेचंही तेच. पन्नासेक रकमा दिल्या की कधी बरोबर, कधी अडीचशेने चुकलेली, आणि सांगण्याचा ठसका दोन्ही वेळा सारखाच.

आमचा खरा त्रास बिल नंबरांचा. वर्कशॉपवाला रजिस्टरमध्ये लिहितो ११२. माल देणाऱ्याने पोर्टलवर भरलेलं असतं 'डब्ल्यूएल/२५-२६/००११२'. दोन्ही एकच, हे माणसाला कळतं, एक्सेलला कळत नाही. मग आम्ही बोट ठेवून ओळीमागून ओळ वाचायचो. त्याऐवजी मी बॉटला म्हटलं, शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचा आकडा घेऊन पुढची शून्यं उडवणारा फॉर्म्युला दे. दिला. चालेना. 'नेम'चा एरर यायला लागला, कारण त्याने एक्सलुकअप वापरलं होतं आणि आमच्या कॉम्प्युटरवर एक्सेल २०१० चं. तसं सांगितल्यावर त्याने इंडेक्स आणि मॅच घालून दुसरा लिहिला, कंसात कंस, मी जन्मात लिहिला नसता असा. तो चालला. म्हणजे चालला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पोरीच्या लक्षात आलं की गेल्या वर्षाचं ११२ आणि या वर्षाचं ११२ एकमेकांना जाऊन चिकटलेत. मग नुसत्या बिल नंबराऐवजी माल देणाऱ्याचा जीएसटी नंबर, सोललेला बिल नंबर आणि कराची रक्कम अशी तिघांची मिळून किल्ली केली. तेव्हापासून सहाशे ओळींच्या वर्कशॉपला पूर्वी तीन तास लागायचे, तिथे चाळीस मिनिटं लागतात. आकडेमोड एक्सेल करतं, आणि एक्सेलला बिलं जन्माला घालता येत नाहीत.

२. करण्यापेक्षा तपासणं स्वस्त असेल तरच काम द्यायचं.

फॉर्म्युला दहा ओळींवर चालवून दोन मिनिटांत तपासता येतो. पत्र एकदा वाचलं की तपासून होतं. पण त्याने परस्पर केलेला ताळेबंद तपासायचा तर तो पुन्हा करावाच लागतो. तसं काम मी त्याला देत नाही.

३. जीएसटी नंबर दिला म्हणजे पॅन दिला.

हे आमच्या धंद्यातल्या लोकांनाही पटकन सुचत नाही. पंधरा अक्षरांच्या जीएसटी नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. मालकी धंदा असेल तर तो त्या माणसाचा स्वतःचा पॅन. यादी जशीच्या तशी चिकटवली की चाळीस जणांचे पॅन आपण कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर ठेवून आलो. बँक स्टेटमेंट त्याहून वाईट. मंगल कार्यालयाच्या खात्यात लग्नसराईत यूपीआयच्या नऊशे ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत देणाऱ्याचं नाव, पुष्कळदा मोबाइल नंबरही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्याच कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं कळवलं, ते याच भीतीने. सीएंना तर गिऱ्हाइकाची माहिती बाहेर फोडणं १९४९ च्या कायद्यानेच मना आहे. मी त्या कायद्यात बसत नाही, पण मोंढ्यात माझं नाव बसतं.

म्हणून यादी द्यायचीच झाली तर नाव काढून 'पार्टी १', 'पार्टी २' असं करून देते. फॉर्म्युला मागायचा असेल तर पाच खोट्या ओळी पुरतात.

४. पण सगळंच झाकलं तर औरंगाबाद बिहारमध्ये जातं.

वरच्या धड्याचा अतिरेक मीच केला. हार्डवेअरवाल्याच्या खरेदीची यादी सगळे जीएसटी नंबर काढून दिली, फक्त गाव ठेवलं, आणि म्हटलं, राज्यातली आणि राज्याबाहेरची बिलं वेगळी कर. आपल्या शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, पण बिलबुकं कुठे बदलतात एवढ्यात? कुणाच्या बिलावर औरंगाबाद, कुणाच्या छ. संभाजीनगर, कुणाच्या नुसतं संभाजीनगर. त्याने यांची तीन गावं केली, आणि त्यातल्या औरंगाबादची अकरा बिलं राज्याबाहेर टाकून आयजीएसटी लावला. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, ते खरं आहे. पण आमचा गुलमंडीवरचा पेंटवाला तिथे कशाला जाईल? शेजारच्या टेबलावरून पोरगी म्हणाली, "मॅडम, पार गंगेकाठी पोचवलं की त्याला." आता नंबरातले पहिले दोन आकडे ठेवते. २७ म्हणजे महाराष्ट्र, एवढ्यावर पॅन कळत नाही आणि पेंटवालाही गुलमंडीवरच राहतो.

५. मराठी १ आणि ९.

मोंढ्यातली काही बिलं अजून मराठी आकड्यांत, हाताने, कार्बन कॉपीवर येतात. फोटो काढून दिला की बॉट वाचतो, आणि बरंच बरोबर वाचतो. पण एका बिलावरच्या ११,८०० चे त्याने ९१,८०० केले. एकचा वरचा गोळा जरा मोठा झाला होता. मी ते पकडलं, कारण खाली कर नऊशे आणि नऊशे होता. १८ टक्क्यांचं बिल असेल तर एकूण रकमेला १.१८ ने भागायचं. ११,८०० चे दहा हजार येतात आणि अठराशे कर बसतो. ९१,८०० ला बसत नाही. फोटोवरून घेतलेल्या प्रत्येक बिलाला आता हा भागाकार एक्सेलमध्ये आपोआप लागतो. नाही बसला तर ओळ लाल.

६. त्याचं कॅलेंडर मागे असतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. गाड्यांचे बहुतेक सुटे भाग २८ वरून १८ टक्क्यांवर आले, त्याची वाळूजला चर्चा झाली. ज्या जॉबवर्कला वेगळी नोंद नाही, त्याचा दर मात्र १२ वरून १८ झाला, त्याची चर्चा कमी झाली आणि डोकेदुखी जास्त. ऑक्टोबरमध्ये एका जॉबवर्कवाल्यासाठी विचारलं, तर बॉटने ठामपणे १२ सांगितलं, वर जुन्या अधिसूचनेचा नंबरही दिला. नंबर खरा होता, काळ गेलेला. लाखाच्या बिलावर सहा हजारांचा फरक, तोही वर्कशॉपवाल्याच्या खिशातून. दर आता मी फक्त सरकारी अधिसूचनेत बघते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा आला. १९४-सी, १९४-जे ही टीडीएसची कलमं आम्हाला तोंडपाठ होती, ती आता ३९३ व्या कलमात जाऊन बसली आहेत. बॉटच्या तोंडी अजून १९४-सीच येतं. खरं सांगायचं तर माझ्याही.

७. नोटिशीचं उत्तर लिहून घ्या, निकाल घेऊ नका.

खात्याची इंग्रजी नोटीस आली की पार्टी घाबरून फोन करते. तिचा मराठीत सरळ अर्थ काढून देणं आणि उत्तराचा पहिला मसुदा, या दोन कामांत बॉट पटाईत आहे. तासाचं काम दहा मिनिटांत. पण मसुद्यात तो न विचारता उच्च न्यायालयाचे निकाल घालतो. एकदा तीन घातले. एक सापडला, तो भलत्याच विषयावरचा. दोन सापडलेच नाहीत. जालना रोडवरून येता-जाता खंडपीठाची इमारत दिसते, आणि मी त्याच न्यायालयाच्या नावाने नसलेला निकाल सही करून पाठवणार होते.

यात मोठमोठे अडकलेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीची आयकर आकारणी रद्द केली, कारण अधिकाऱ्याने आदेशात आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. एआयच्या जमान्यात यंत्राने दिलेलं तपासल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयाने सुनावलं. त्याआधी बंगळुरूच्या आयकर न्यायाधिकरणावर आपलाच आदेश मागे घेण्याची वेळ आली होती, कारण तेच. मी माझ्या मसुद्यातून निकालांचा अख्खा परिच्छेद काढून टाकते. आमच्या पातळीवरच्या नोटिशींना बिलं, चलनं आणि तारखा एवढं पुरतं.

८. वसुलीचं पत्र.

वेळ सगळ्यात जास्त इथे वाचतो, आणि पैसेही इथेच सुटतात. वाळूजचा लहान वर्कशॉपवाला मोठ्या पुरवठादाराला माल देतो आणि नव्वद-नव्वद दिवस पैशांची वाट बघतो. आयकराच्या जुन्या कायद्यातल्या ४३-बी कलमात एक नवं पोटकलम आलं आणि २०२३-२४ च्या हिशेबापासून ते लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवस, असेल तरी जास्तीत जास्त ४५. मार्चच्या तोंडावर याची आठवण करून दिली की समोरच्या अकाउंटंटला एकदम ऐकू यायला लागतं.

पत्रं आधी मी लिहायचे, अडतीस पार्ट्यांच्या शंभरेक येण्यांची. आता मुद्दे सांगते, बॉट लिहितो. मराठीत लिही म्हटलं तर 'आदरणीय महोदय, आपणांस सविनय विदित करण्यात येते' असा सुरू होतो, तहसीलदाराला अर्ज केल्यासारखा. त्याला सांगावं लागतं, असं लिही: 'शेठ, नमस्कार. बिल ११२, तारीख ३ जानेवारी, रक्कम ८४,००० अजून बाकी आहे. ४५ दिवस १७ फेब्रुवारीला झाले. मार्चअखेर जमा झाले तर तुमचाही खर्च याच वर्षात धरता येईल.' व्हॉट्सअॅपवर एवढंच जातं.

एक चूक त्याची इथेही असते. तो हे कलम मध्यम उद्योगांना आणि व्यापाऱ्यांनाही लावून मोकळा होतो. फक्त सूक्ष्म आणि लघु, तेही माल बनवणारे किंवा सेवा देणारे. मोंढ्यातल्या व्यापाऱ्याने हे पत्र पाठवलं तर हसं होईल.

९. पार्टी म्हणते, मशीन करतं तर फी कमी करा.

दोघांनी विचारलं. मी म्हटलं, नोटीस आली तर मशीनच्या नावाने घ्या. फी तेवढीच आहे.

१०. त्याला माणसं माहीत नाहीत.

गेल्या महिन्यात फॉर्म्युल्याने एका वर्कशॉपची चौदा बिलं 'टू-बीत नाहीत' म्हणून लाल केली. बॉटला विचारलं काय करू, तर त्याने चौदा पुरवठादारांना चौदा कडक पत्रं लिहून ठेवली, करबुडवे असल्यासारखी. पोरीने यादी पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, यातले नऊ तर तिमाहीवाले आहेत." पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्याला तीन महिन्यांनी एकदा रिटर्न भरायची मुभा आहे. तो चोर नसतो, त्याचं बिल आपल्याकडे उशिरा दिसतं इतकंच. उरलेल्या पाचांपैकी तिघांना तिने फोन केला. एकाचा मुलगा आजारी होता, एकाने बिल चुकून दुसऱ्याच नंबरावर टाकलं होतं, तिसरा म्हणाला, "ताई, आत्ता भरतो," आणि भरलं. वीस मिनिटं लागली.

तुम्ही तिमाही रिटर्नवाले असाल तर तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफ नावाच्या सोयीतून पुढच्या महिन्याच्या तेरा तारखेच्या आत टाकता येतात, महिन्याला पन्नास लाखांपर्यंत. सक्ती नाही. पण टाका. चौदाला तुमचं बिल समोरच्याच्या यादीत दिसतं आणि आम्हाला फोन करावा लागत नाही.