दोन्ही फोन तुझेच

दोन्ही फोन आईच्या ट्रंकेत आहेत आणि दोन्ही तुझेच आहेत, हे आधी मनाशी पक्कं कर. आपल्याकडे मुलीच्या हातात फोन येतो तो बहुतेक वेळा भावाचा वापरून झालेला. म्हणून तो तिला उसना वाटतो, आणि उसन्या वस्तूची कुणी पारख करत नाही. दिलं ते घ्यायचं, चाललं तोवर चालवायचं. तू तसं करू नकोस गं. आता धाराशिवला खोली घेऊन राहणार आहेस. मेसचे पैसे, परीक्षेचे फॉर्म, घरचा रोजचा फोन, सगळं त्यावरच होणार. तेव्हा कोणता न्यायचा ते दादा म्हणतो म्हणून नको, तुला पटेल म्हणून ठरव. मी कळंबच्या सेवा केंद्रात रोज माणसांचे फोन हातात घेते, त्यातून मला जे कळलं ते सांगते.

तुझा जीव नोट 4 वर आहे, ते मला माहीत आहे. पाठीला धातू, बोट ठेवलं की उघडतो, अक्षरं कशी कोरल्यासारखी. आणि त्या 9ए ला तू लहानपणापासून 'डबडं' म्हणतेस. पण दोघांचा जन्म कशासाठी झाला ते बघ.

रेडमी नोट 4 आपल्या देशात आला जानेवारी 2017 मध्ये. नोटबंदीला दोनच महिने झाले होते. जिओचं सिम फुकट चालत होतं, आणि आपल्या गावात पोरं पहिल्यांदाच पारावर बसून पोटभर व्हिडिओ बघत होती. लागोपाठच्या दुष्काळानंतर 2016 चा पाऊस मराठवाड्याला चांगला झाला होता, म्हणून तर अण्णांनी दादाला 12,999 रुपयांचा, 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागेचा फोन घेऊ दिला. त्यातला सगळ्यात स्वस्त 9,999 ला होता. ऑनलाइन विक्री दुपारी बाराला उघडायची आणि बघता बघता संपायची; दादा मित्राच्या फोनवर टपून बसायचा. पुण्याला निघालेल्या मुलाला चांगली वस्तू द्यायची, अशा उमेदीने घेतलेला तो फोन.

रेडमी 9ए आला सप्टेंबर 2020 मध्ये, आणि तो आपण हौसेने घेतला नाही. मार्चपासून शाळेला कुलूप होतं. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असं सरकार सांगत होतं आणि तू सातवीतली पोर, सरांनी पाठवलेली लिंक उघडायला शेजारच्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचीस. 6,799 रुपयांत 2 जीबी रॅम आणि 32 जीबीचा फोन मिळतो म्हटल्यावर अण्णांनी तो आणला. आपल्या घरात मुलीच्या शिक्षणासाठी आलेला तो पहिला फोन. त्याला डबडं म्हणू नकोस.

आता आतलं सांगते. तू म्हणशील, नवा तो वेगवान. तसं नाही. नोट 4 मध्ये स्नॅपड्रॅगन 625 आहे, 9ए मध्ये हेलिओ जी25. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण दोन्हीत आठ कोअर, दोन्हीत ते कॉर्टेक्स-ए53 याच जातीचे, आणि दोन्हींचा वरचा वेग दोन गिगाहर्ट्झ. म्हणजे साडेतीन वर्षांनंतर आलेल्या फोनचा मेंदू पुढे गेलाच नव्हता. तोच स्वस्तात मिळायला लागला होता. त्यात रॅम निम्मी. म्हणून 9ए वर एक अ‍ॅप उघडलं की आधीचं मिटतं, आणि तुला वाटतं फोन मंद आहे. पडद्याचंही तेच. नोट 4 चा पडदा साडेपाच इंची, पण त्यात 1080 बाय 1920 ठिपके. 9ए चा साडेसहा इंची, ठिपके मात्र 720 बाय 1600. मोठ्या पडद्यावर कमी ठिपके पसरले की बारीक अक्षर फुटतं. भरतीच्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ तू रात्री वाचत बसणार, तेव्हा डोळ्यांना हा फरक फार जाणवेल.

मग मी नोट 4 च ने असं म्हणेन असं वाटलं ना? अभ्यासाला तोच ने. पण पैसे, बँक, आधारचा ओटीपी यांतलं काही त्यावर ठेवू नकोस.

कारण असं आहे बाई. फोनचं हार्डवेअर आपल्याला दिसतं, त्याचं सॉफ्टवेअर कधी म्हातारं झालं ते दिसत नाही. नोट 4 अँड्रॉइड 7 वर येऊन थांबला. त्यातल्या चोरवाटा बुजवणाऱ्या दुरुस्त्या येणं केव्हाच बंद झालं. क्रोमच्या नव्या आवृत्त्यासुद्धा 2023 च्या अखेरीपासून अँड्रॉइड 7 ला मिळत नाहीत. तुझ्या त्या सुंदर फोनवरचा क्रोम तिथेच उभा आहे. आज सगळं नीट चालतं, आणि एक दिवस एखादं अ‍ॅप म्हणतं, या फोनवर चालणार नाही. 24 ऑक्टोबर 2023 ला अँड्रॉइड 5 च्या खालच्या फोनांवर व्हॉट्सअ‍ॅपने असाच पाठिंबा काढून घेतला. त्यानंतर आमच्याकडे धडधाकट फोन घेऊन माणसं यायची आणि विचारायची, काय बिघडलं? काहीच बिघडलं नव्हतं. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख असताना तुझ्यावर ती पाळी येऊ नये.

9ए अँड्रॉइड 10 चा. तोही काही तरुण नाही. गूगलने अँड्रॉइड 10 च्या सुरक्षा दुरुस्त्या 2023 च्या सुरुवातीलाच थांबवल्या. पण अ‍ॅपवाले अजून त्याला घरात घेतात, आणि दोघांत तोच कमी धोक्याचा. म्हणून पैशाचा फोन तो. त्यावर बँक, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप आणि डिजीलॉकर, बस. गेम नाही, रील नाही, कुणी पाठवलेली एपीके फाइल तर नाहीच नाही, मग ती लग्नाची पत्रिका म्हणून येवो की बँकेची सूचना म्हणून. एवढंच ठेवलंस तर 2 जीबी रॅमही पुरते. खात्यात घरून आलेले महिन्याचे पैसे तेवढे ठेव, शिष्यवृत्तीचं खातं यूपीआयला जोडू नकोस. 9ए ला बोटाचा सेन्सर नाही, तेव्हा कुलूप पिनचं लाव, सहा आकडी. पॅटर्न लावलास तर शेजारच्या कॉटवरची मुलगी दोनदा बघून काढेल. मैत्रीण वाईट असते असं नाही गं, पण खोलीत येणारं-जाणारं माणूस आपल्या हातात नसतं.

आणि सिम 9ए मध्येच. यूपीआय सुरू करताना त्याच फोनमधून, बँकेला दिलेल्या नंबरवरून एसएमएस जातो, म्हणून सिम एकीकडे आणि अ‍ॅप दुसरीकडे असं जमत नाही. 9ए मध्ये दोन सिम आणि मेमरी कार्ड या तिन्हींना वेगळी जागा आहे. नोट 4 मध्ये दुसरं सिम घातलं की कार्डाला जागा उरत नाही. नोट 4 मध्ये सिम घालूच नकोस. व्याख्यानं, पीडीएफ सगळं आधीच खोलीवर उतरवून घे आणि अभ्यासिकेत जाताना तो एकटाच ने. कुणाचा फोन येणार नाही, आला तर तो खोलीवरच्या फोनवर येईल. कुणी तुला सांगेल की नोट 4 मध्ये कस्टम रॉम टाकून नवा अँड्रॉइड चढवता येतो. खरं आहे, तो फोन त्यासाठी नावाजलेलाच आहे. अभ्यासाच्या फोनवर हवं तर टाकून घे, पण तसं केलेल्या फोनवर बँकेची अ‍ॅप अनेकदा चालायला नकार देतात, हे लक्षात ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोनपेक्षा नंबर मोठा. तुझं सिम कुणाच्या नावावर आहे? दादाच्या आधारवर घेतलेलं आहे, मला आठवतंय. ते तुझ्या नावावर कर. अठरा पूर्ण झालीस. उद्या सिम हरवलं, तर नवं काढायला दादाला पुण्याहून यावं लागेल, आणि तोवर तुझं बँक खातं, तुझे फॉर्म, सगळं अडकेल. मी हे रोज बघते. बायका येतात, योजनेचं केवायसी करायचं असतं, ओटीपी जातो नवऱ्याच्या नाहीतर भाच्याच्या नंबरवर, आणि तो कामाला गेलेला. हक्काच्या पैशासाठी बाई दिवसभर बाकावर बसून राहते. मला ते बघवत नाही. तू तरी तशी बसू नकोस.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्या घरचे सगळे ओटीपी तुझ्याच नंबरवर येतात. अण्णांचं आधार, आईचं बँक खातं, गॅस, सगळं. 2021 च्या पंधरा ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली, तेव्हापासून सोयाबीनमध्ये उभं राहून फोटो काढायला तूच जातेस आणि सातबाऱ्यावर पीक तुझ्या हातून चढतं. तू गेल्यावर काय? जायच्या आधी अण्णांना आणि आईला आधार केंद्रात घेऊन जा आणि त्यांच्या त्यांच्या साध्या फोनचे नंबर जोडून घे. बटणाच्या फोनवरही ओटीपी येतो. पाहणीच्या वेळी एक दिवस घरी ये, नाही जमलं तर गावात पाहणीसाठी सहायक असतो, त्याला गाठायला सांग. मुलगी शिकायला गेली आणि घर अडलं, असं कुणी म्हणायला नको.

बॅटरी बघून घे. नोट 4 ची 4100 एमएएचची होती, पण ती आता नऊ वर्षांची म्हातारी. 9ए ची 5000 ची, तिलाही सहा वर्षं होतील. लिथियमची बॅटरी उन्हाने लवकर मरते, आणि धाराशिवचा मे तुला मी काय सांगू! पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात, उशीखाली चार्जिंगला लावू नकोस. दोन्ही फोन सपाट टेबलावर उलटे ठेवून बघ. पाठ फुगलेली वाटली, कडेने पडदा उचललेला दिसला, तर दाबू नकोस, चार्ज करू नकोस, सरळ दुरुस्तीवाल्याकडे ने. बॅटरी बदलायला दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, रस्त्यावरची बिननावाची घेऊ नकोस.

दोन्ही फोनवर *#06# दाब आणि येणारे पंधरा आकडी आयएमईआय वहीत लिही, फोनमध्ये नाही. फोन चोरीला गेला तर आधी पोलिसांत तक्रार, मग संचार साथी पोर्टलवर तो बंद करता येतो. पैसे गेले तर लाजत बसू नकोस, 1930 ला लगेच लाव. जितक्या लवकर लावशील तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त. आणि कुणी सांगितलं की जुने दोन्ही देऊन वर चार हजार भर, भारीतला वापरलेला देतो, तर आधी त्याचा आयएमईआय मागून घे. KYM, मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस 14422 वर पाठवला की तो फोन खरा आहे की काळ्या यादीतला ते कळतं. दुकानदार नंबर द्यायला कुरकुरला तर तिथून उठ.

निघायच्या आधी दादाला फोन करून नोट 4 मधून त्याचं गूगल खातं काढून टाक, आणि मगच फॅक्टरी रीसेट कर. उलट केलंस तर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसू शकतो. त्यातले आजीचे फोटो आधी कार्डावर घे. चार्जर दोन नको, दोन्हींना तीच जुनी मायक्रो यूएसबीची पिन चालते, पण एक नक्की घे, कारण खोलीतल्या मुलींकडे आता सगळे सी-पिनचे असतील. रविवारी कळंबला उतर, सिमचं काम आपण दोघी मिळून करून टाकू. तुझं आधार मूळचं आण, झेरॉक्स नको.